एल्फिनेशचा कडू तेल्बा

एल्फिनेशच्या हातचा तेल्बा करपलाय, हे तिच्या तोंडावर सांगायची हिंमत आमच्या गल्लीत एकानेच केली, आणि तोही उपास न धरणारा निघाला. बाकी आम्ही सगळे उपासकरी तो कडू घोट भक्तिभावाने गिळत होतो आणि दोष आपल्याच तोंडाला देत होतो! आठवलं की मला अजून हसू फुटतं.

आधी एल्फिनेश कोण ते सांगते. आमच्या असेल्ला गावच्या बाजारातून धान्याच्या वखारींकडे वळलं की दोन पत्र्याच्या खोल्या एकमेकींना टेकून उभ्या आहेत. एकीत ती तेल्बा, म्हणजे भाजल्या जवसाचं पेय, विकते, दुसरीत मी कॉफी. मधली भिंत म्हणजे नुसता पत्रा. तिकडे कुणी खोकलं की इकडे माझ्या कपबशा किणकिणतात. माझं नाव लोमी. आमच्या भाषेत लोमी म्हणजे लिंबू, आणि नाव ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवलं असं गल्लीतले लोक म्हणतात. म्हणू देत. मला बोलायला समोर माणूसच लागतं असं नाही, चुलीवरची किटलीसुद्धा चालते.

एल्फिनेश माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला एतिये म्हणते, म्हणजे ताई. लग्न होऊन ती मेन्झच्या डोंगरातून इकडे आली तेव्हा जवस हे फक्त पेरायचं आणि विकायचं असतं एवढंच तिला ठाऊक होतं. पहिल्या बाळंतपणानंतर तिचं पोट असं काही धरलं की बसता येईना आणि झोपताही येईना. रडून रडून बाळाला दूध कमी पडायला लागलं. मग सासूने जवस भाजलं, कुटलं, चाळलं, पाण्यात कालवून वर मधाची धार सोडली आणि तो तेल्बा तिला पाजला. सकाळ संध्याकाळ पाजला, वरून पाणी पी पी म्हणून पाठीस लागली. पोट मोकळं झालं. "त्या दिवशी मला वाटलं, सासू म्हणजे देवाने पाठवलेली बाई," असं ती सांगते, आणि लगेच पुढे जोडते, "दुसऱ्या दिवशी वाटलं नाही."

नवरा धान्याचा ट्रक चालवायचा. डोंगराच्या वळणावर ट्रक उलटला आणि तो गेला. पदरात दोन पोरं आणि घरात सासूचं लाकडी उखळ. त्या उखळावर तिने दोन्ही पोरं मोठी केली. एक राजधानीत, अदिसला, शाळेत शिकवतो, दुसरा कुठल्याशा कारखान्यात आहे. दोघंही म्हणतात, आई, आता बस कर. ही म्हणते, बसूनच तर असते दिवसभर, उखळापुढे.

तिची विकण्याची तऱ्हा बघितलीत तर तुम्ही म्हणाल, ही बाई गिऱ्हाईक तोडायलाच बसली आहे. एकदा एक ट्रकवाला आला. "आजी, मूठभर जवस द्या, असंच गिळतो, घाईत आहे."

"अख्खं गिळशील तर जसं आत जाईल तसंच बाहेर येईल," एल्फिनेश म्हणाली. "मग माझ्या नावाने बोंब मारत फिरशील. थांब, कुटून देते. आणि वर दोन पेले पाणी प्यायचं. कोरडं खाल्लंस तर आत चिखल होऊन बसेल."

कॉलेजच्या पोरी यायच्या, बारीक व्हायला तेल्बा मागायच्या. त्यांना ती आपादमस्तक न्याहाळायची आणि म्हणायची, "अगं, तुझं हाड न् हाड मोजता येतंय. आधी जेव, मग ये." साखरेच्या आजाराचा एक म्हातारा एकदा विचारत होता, तेल्बा घेतो, मग गोळ्या बंद करू का? एल्फिनेशचं मुसळ हवेतच थांबलं. "मी तेल्बावाली आहे बाबा, देव नाही. गोळी सेनाइतला विचारून घ्यायची आणि तिलाच विचारून सोडायची. आणि गोळी नि तेल्बा एकदम पोटात ढकलायचे नाहीत, तेल्बा गोळीला धरून ठेवतो. मध्ये चांगला वेळ जाऊ दे."

सेनाइत म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रातली नर्स. दोघींचं चांगलं जमतं. ज्याचं पोट साफ होत नाही त्याला सेनाइत इकडे पाठवते. रक्तातल्या चरबीलाही जवस थोडं आवरतं, रोज एक-दोन चमचे पोटात जाऊ द्यावेत, असं ती सांगते. आणि पोटुशी बाई आली की एल्फिनेश तिला तिकडे पाठवते, आधी विचारून ये म्हणते. कुटलेलं जवस ती शिळं ठेवत नाही. तेल सुटतं, खवट होतं. आज कुटलेलं आज संपवायचं आणि उरलं तर शेजारणीला द्यायचं, म्हणजे मला. माझं पोट इतकं ताळ्यावर आहे ते तिच्या उरलेल्यामुळे.

आता आमचा मोठा उपास. ईस्टरच्या आधी जवळजवळ दोन महिने मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. शिवाय शनिवार-रविवार सोडले तर दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंब नाही. त्यानंतर डाळ, बेसनासारखं दाटसर कालवण आणि इंजेरा, आमची आंबवलेली भाकरी. हे रोज खाऊन पोट रुसतं, छातीत जळजळतं. म्हणून तीन वाजले की एल्फिनेशच्या दारात रांग. आणि ईस्टरच्या पहाटे तर तिच्याशिवाय पान हलत नाही. इतके दिवस तूपतेल न लागलेल्या पोटावर एकदम कोंबडीचं झणझणीत कालवण ओतलं तर ते उलटतंच. म्हणून आधी पेलाभर तेल्बा, पोटाला जरा ओलावा, आणि मग कोंबडी. आदल्या शनिवारी एल्फिनेश आख्ख्या चर्चच्या बायकांसाठी जवस भाजते. बायका भांडी घेऊन येतात, ती भरून देते. वर्षभरात तिला कशाचा अभिमान असेल तर या एका शनिवारचा. पोरांनी कितीही बोलावलं तरी ईस्टरला ती अदिसला जात नाही, याच कारणासाठी.

त्या वर्षी उपास लागला आणि तेल्बा कडू लागायला लागला.

कुणी बोललं नाही. कसं बोलणार? उपासात तोंड कडू होतंच. आमचे अब्बा सामुएल, चर्चचे पुजारी, त्यांना पित्ताचा त्रास. रोज दुपारी तेल्बा प्यायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "यंदा देव माझ्या जिभेला धडा शिकवतोय." मी म्हटलं, मी भावजयीला शिव्या घातल्या होत्या, त्याचं हे फळ. वखारीतला हमाल म्हणाला, त्याची दाढ किडली असेल. जो तो आपलं पाप शोधत होता आणि मध वाढवून घेत होता. खुद्द एल्फिनेशसुद्धा उपास सोडताना आपला पेला प्यायची आणि पुटपुटायची, "वय झालं, तोंडाला चवच राहिली नाही." एवढंच एक खटकत होतं की पोटं काही मोकळी होत नव्हती. अब्बांची जळजळ तर वाढली होती.

आणि एल्फिनेश ओरडून बोलायला लागली होती. मी पत्र्याआडून काही विचारलं तर उत्तर नाही. मला वाटलं, रुसली. मग मीही रुसले. दोन दिवस मी एक शब्द बोलले नाही. तिला पत्ताच लागला नाही, याचा मला भारी राग आला!

आमच्या बाजारात जवस आणतो तो केदिर. आर्सीचा शेतकरी, मुसलमान, दाढी अर्धी पांढरी, बोलणं सरळ. एल्फिनेशला लागणारं सगळं जवस त्याच्याच शेतातलं. ईस्टर तोंडावर आलेला, एका दुपारी त्याने गाढवावरून पोतं उतरवलं. एल्फिनेशने नेहमीप्रमाणे त्याला पेला भरून दिला. त्यांनी मारलेल्या जनावराचं मांस आम्ही खात नाही, आमचं ते खात नाहीत, पण तेल्बा काय, धान्यच ते. केदिरने एक घोट घेतला आणि रस्त्यावर थुंकला.

"आदे एल्फिनेश, हे काय पाजताय?" त्यांच्या भाषेत मोठ्या बाईला मानाने आदे म्हणतात.

सगळी रांग पायाखाली बघायला लागली. अब्बा सामुएल समजुतीच्या सुरात म्हणाले, "उपासाचे दिवस आहेत केदिर, तोंड कडू लागतंच."

"उपास तुमचा अब्बा, माझा नाही. मी आत्ता दही आणि भाकरी चापून आलोय. माझं तोंड एकदम ठीक आहे. हे जवस करपलंय, पार कोळसा झालाय."

एल्फिनेश त्याच्या ओठांकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली. "लोमी, काय म्हणतोय तो?"

"काही नाही गं."

"काही नाही, तर हे सगळे पायाखाली काय शोधतायत?"

माझा संयम सुटला. "तुझं जवस करपलंय म्हणतोय!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या वखारीतले हमाल बाहेर आले.

एल्फिनेशचा चेहरा लाल झाला. "माझं? माझं जवस करपलं?" तिने तिथेच मातीचा तवा चढवला, केदिरच्याच पोत्यातलं जवस ओंजळीने घातलं. "बघ आता तुझ्या डोळ्यांनी."

जवस भाजणं डोळ्यांनी होत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. दाणा मुळातच तपकिरी, त्यात तिच्या खोलीत अंधार आणि धूर. वासाने कळावं, तर शेजारी मी दिवसभर कॉफीचे दाणे भाजते. जवस कानाने भाजतात. आधी तुरळक तडतड, मग एकदम गर्दी, मग ती गर्दी विरळ होते. विरळ झाली रे झाली की तवा उतरवायचा.

तडतड सुरू झाली. वाढली. आम्ही सगळे ऐकत होतो. मग विरळ झाली आणि थांबलीसुद्धा. एल्फिनेश तव्यावर वाकून, कान त्या बाजूला करून, ढवळत होती. वाट बघत होती. धूर वर यायला लागला. 

केदिर हळूच म्हणाला, "आदे, ते केव्हाच थांबलं." तिने तेही ऐकलं नाही. मग त्याने खांद्यावरचं फडकं हाताला गुंडाळलं आणि तवा चुलीवरून खाली ठेवला. एल्फिनेशने मान वर करून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. तिने कालथा आपल्या मांडीवर ठेवला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी आत जाऊन किटलीशी भांडले.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढत सेनाइतकडे नेलं. सेनाइतने कानात बत्ती घालून बघितलं. मळ नव्हता. नसाच थकल्यात म्हणाली. अदिसच्या इस्पितळात कानयंत्रासाठी नाव घातलं, पण त्याला कित्येक महिने लागणार. परत दारात आल्यावर एल्फिनेश म्हणाली, "बायकांना सांग, ईस्टरला दुकानातलं पाकीट आणा. मी सोडलं."

"पाकीट? केव्हा कुटलंय, कुणी कुटलंय, काय ठाऊक! खवट भुसा पाजणार लोकांना?"

"कोळसा पाजण्यापेक्षा बरा."

"मी बसते ना तुझ्याशेजारी! मी ऐकते, मी सांगते."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि एवढ्या दुःखातही तिच्या ओठांचा कोपरा हलला. "तू ऐकणार? लोमी, तुझे कान तुझ्याच तोंडाखाली गाडले गेलेत." आणि दार लावून घेतलं. मी पत्रा बडवला, हातांनी बडवला, कालथ्याने बडवला. तिने उघडलं नाही. गुड फ्रायडेला चर्चमध्ये आम्ही दिवसभर माथी टेकत होतो, तिथेही ती माझ्यापासून लांब जाऊन उभी राहिली. कानांची तिला इतकी लाज वाटत होती! अगं, कान म्हातारे होतात, त्यात लाजायचं काय?

शनिवार उजाडला. या शनिवारी आमच्यातले बरेचसे शुक्रवारपासून अन्नपाण्यावाचून असतात, ते थेट ईस्टरच्या पहाटेपर्यंत. सकाळी चर्चमध्ये हिरवं लव्हाळं वाटतात, ते डोक्याला बांधून आम्ही घरी येतो. मी आले आणि बघते तर काय, एल्फिनेशच्या बंद दारापुढे बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या डोक्याला गवताची पट्टी, मांडीवर रिकामं भांडं. दुकानाकडे एकही गेली नव्हती. अब्बा सामुएलांनीसुद्धा आपला तांब्या पाठवला होता.

मी पत्र्यावर बुक्की मारली. ती पत्र्याला टेकून बसली होती आणि पाठीला हादरा बसला असणार, कारण दार उघडलं. ती बायकांकडे बघत राहिली.

"पाकीट आणायला सांगितलं होतं ना?" ती ओरडली.

"सांगितलं होतं," एक बाई तितक्याच जोरात ओरडली. "आम्हालाही ऐकू येत नाही!"

सगळ्या हसल्या. एल्फिनेश हसली नाही, पण आत गेली आणि चूल पेटवली. मी न विचारताच तिच्या शेजारी जाऊन बसले. "तोंड उघडलंस तर हाकलून देईन," ती म्हणाली. मी दोन्ही ओठ दातांत धरले. देवाशपथ सांगते, उपासापेक्षा ते जड गेलं.

तडतड सुरू झाली. मला वाटलं, विरळ झाली, मी तिच्या दंडावर थाप मारली. तिने तवा उतरवला, दाणे उखळात घालून मुसळाचा एक ठोका दिला, बोटांत चुरडून बघितलं. "कच्चं आहे. चिकटतंय." माझे कान गरम झाले. पुन्हा तवा चढला. या खेपेला मी डोळेही मिटले. बाहेरच्या बायका, बाजार, गाढवं, सगळं बाजूला सारलं. गर्दी वाढली, वाढली, मग एकेक दाणा वेगळा ऐकू यायला लागला. थाप! तिने क्षणात तवा उतरवला. कुटलं, चाळलं, पाण्यात कालवलं, मध सोडला.

आणि मग आम्ही सगळ्या त्या पातेल्याकडे बघत बसलो. चाखणार कोण? कोणाच्याही तोंडात पहाटेपर्यंत थेंब जायचा नव्हता. न चाखता वाटायचं म्हणजे पुन्हा तेच, पुन्हा सगळ्यांनी कडू पिऊन आपापलं पाप शोधत बसायचं. एल्फिनेशने पातेल्यावर झाकण ठेवलं. "नाही वाटायचं," ती म्हणाली. "मला खात्री नाही."

मी उठले आणि बाजाराच्या दिशेने पळत सुटले. शनिवारचा बाजार भरला होता, केदिर आपल्या पोत्यांपाशी एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करत उभा होता. मी त्याच्या सदऱ्याची बाहीच धरली.

"अगं बाई, काय झालं? आग लागली?"

"तुझी जीभ पाहिजे!"

"माझी जीभ? उद्या सण तुमचा."

"सण आमचा, जीभ तुझी. चल मुकाट्याने!"

गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघत राहिलं. केदिर हातातली काठी सावरत माझ्या मागून आला. एवढ्या गवत बांधलेल्या डोक्यांमधून वाट काढताना तो जरा बावरला. दाराशी येऊन त्याने हात धुतले. एल्फिनेशने पेला काठोकाठ भरून त्याच्यासमोर धरला. 

बिस्मिल्ला म्हणून तो प्यायला. थांबून थांबून, सगळा प्यायला. मग दाढीतल्या दाढीत काहीतरी बोलला. एल्फिनेशला त्याचे ओठ दिसले नाहीत. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "काय म्हणाला? लोमी, काय म्हणाला तो?"

मी ओरडायला तोंड उघडलं, पण केदिरने हात वर करून मला थांबवलं. त्याने रिकामा पेला उलटा करून तिला दाखवला, मग सरळ केला आणि पुन्हा तिच्यापुढे धरला.

एल्फिनेशने पळी पातेल्यात बुडवली. घाईघाईत अर्धा तेल्बा त्याच्या बोटांवर सांडला, आणि तो बिचारा बोटं चाटत उभा राहिला. तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, बायकांकडे वळली आणि आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "बघत काय बसल्यात? भांडी आणा पुढे!"